दुःखाचा परवाना

आधी एक छोटा खेळ खेळू. मी वर्णन करतो, तुम्ही नाव सांगा.

हिरो पस्तिशीच्या पुढचा. दाढी वाढलेली, आवाज घोगरा. एकेकाळी त्याला घर होतं. मग बायको मारली गेली, किंवा मुलगी, किंवा दोघीही. तेव्हापासून गडी हसलेला नाही. बोलतो तेही तुटक. माणसं मारण्यात पटाईत आहे, पण मारताना त्याला फार त्रास होतो, असं गेम आपल्याला पुन्हा पुन्हा सांगतो.

कुणी मॅक्स पेन म्हणेल. कुणी ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटॉस. कुणी ‘द लास्ट ऑफ अस’मधला जोएल. कुणाला ‘द इव्हिल विदिन’चा सेबॅस्टियन आठवेल. मुलीच्या जागी भाची ठेवली की ‘वॉच डॉग्ज’चा एडन पिअर्स झाला. सगळीच उत्तरं बरोबर आहेत, आणि अडचण तीच आहे.

इंग्रजीत अशा पात्रांना अँटीहिरो म्हणतात. आमच्या कोळवणात जुना शब्द आहे: घुम्या. घुम्या म्हणजे नुसता अबोल नाही. ज्याच्या आत काहीतरी साचलंय, जो ते कुणाला सांगत नाही आणि ज्याच्या आसपास घरातली माणसं जपून वावरतात, तो घुम्या. प्रत्येक आळीत असा एखादा असतो. गेम्सच्या दुनियेत मात्र गेली वीस-पंचवीस वर्षं आळीच्या आळी घुम्यांचीच झालीय.

मी मुळशी तालुक्यातल्या कोळवणचा. पौडहून आत वळलं की वाळकी नदीच्या काठाकाठानं आमचं खोरं सुरू होतं. भातखाचरं, मधेमधे फार्महाऊसची कुंपणं, आणि रस्त्याच्या कडेला एनए प्लॉटच्या पाट्या. ही जागा मुद्दाम सांगतोय, कारण घुम्या हिरोची गोष्ट अमेरिका आणि फिनलंडमध्ये सुरू होत असली, तरी फिरून ती आमच्या तालुक्याच्या नावाला येऊन चिकटली आहे.

टोपीवाल्यापासून दाढीवाल्यापर्यंत

सुरुवातीच्या गेम्समधल्या हिरोला मन नव्हतं. १९८० चा पॅक-मॅन म्हणजे एक तोंड. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा मारिओ प्लंबर होता आणि त्याला फक्त उजवीकडे पळायचं होतं. आपल्याकडे नव्वदीत कॅसेटवर जो ‘काँट्रा’ खेळला गेला, त्यातले दोघे जण का गोळ्या झाडतायत हे कुणी विचारलं नाही. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला डेव्ह आणि १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ यांचंही तसंच. प्रिन्सकडे एक तास होता आणि राजकन्या वाचवायची होती. बास.

नव्वदीच्या मध्यावर दोन गोष्टी झाल्या. प्लेस्टेशन आलं, आणि मारिओ खेळणारी पोरं मोठी झाली. त्यांना आता आपल्या वयाची गोष्ट हवी होती. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मधला क्लाउड हा भाडोत्री सैनिक, थंड आणि तुटक. पुढे कळतं की त्याच्या आठवणीच खऱ्या नाहीत. तो घुमेपणा कथेनं कमावलेला होता.

मग २००१ साली फिनलंडच्या रेमेडी या स्टुडिओनं ‘मॅक्स पेन’ आणला. न्यूयॉर्कचा पोलीस, बायको आणि तान्ही मुलगी मारली गेलेली, बाहेर बर्फ, आणि हिरोचं अखंड स्वगत. आडनावच पेन. हे सगळं इतकं भडक आहे की ते मुद्दाम केलंय हे लगेच कळतं. गेममध्ये एका भ्रमाच्या प्रसंगात मॅक्सला चक्क उमगतं की आपण एका कॉम्प्युटर गेममध्ये आहोत. म्हणजे ज्या गेमनं हा साचा लोकप्रिय केला, तो स्वतःकडे बघून हसत होता. नंतर ज्यांनी नक्कल केली त्यांनी दुःख उचललं आणि हसू तिथंच सोडलं.

२००३ ते २००५ ही तीन वर्षं बघा. ‘जॅक अँड डॅक्स्टर’ हा २००१ चा रंगीत, मुलांचा गेम. त्यात जॅक मुका होता. २००३ च्या दुसऱ्या भागात त्याला दोन वर्षं तुरुंगात डांबून छळलेलं आहे, आणि तो पहिल्यांदा तोंड उघडतो ते कुणाचा तरी जीव घ्यायची भाषा करायला. त्याच वर्षी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ आला. त्यातला प्रिन्स बोलका, थोडा गर्विष्ठ, फराहशी सतत भांडणारा. सगळा गेम म्हणजे त्यानं सांगितलेली गोष्ट आहे. आपण मेलो तर तो म्हणतो, नाही नाही, असं नव्हतं घडलं. कौतुक भरपूर झालं. तरीही २००४ च्या ‘वॉरियर विदिन’मध्ये तोच प्रिन्स वाढल्या केसांचा, चिडका, हेवी मेटलच्या तालावर माणसं कापणारा झाला. मूळ प्रिन्स घडवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनीही ही दिशा आपल्याला रुचली नसल्याचं उघड सांगितलं. आणि २००५ मध्ये तर सॉनिकच्या जगातल्या शॅडो या साळिंदरासारख्या प्राण्याच्या हातात बंदूक देण्यात आली. निळ्या-लाल कार्टून प्राण्यांच्या दुनियेत एक घुम्या बंदूकधारी! साचा किती खोल गेला होता ते इथं दिसतं.

त्याच २००५ मध्ये क्रेटॉस आला. त्यानं आपल्याच बायको-मुलीला मारलंय, फसवला जाऊन. त्यांची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटलीय, म्हणून तो पांढराफटक दिसतो. दृश्य म्हणून ही कल्पना जबरदस्त आहे. पण पुढचे कितीतरी तास तो जे करतो, त्या सगळ्याची पावती या एका राखेवर फाडली जाते.

घुम्या स्वस्त पडतो

हे का झालं? ‘लोकांना अंधारं आवडतं’ हे अर्धंच उत्तर आहे. बाकीचं अर्धं गेम बनवण्याच्या कामात आहे.

मोठ्या बजेटच्या गेममध्ये खेळाडू बहुतेक वेळ काय करतो? मारतो. नेम धरणं, लपणं, वार करणं यांचं तंत्र वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालंय. गप्पा मारणं, समजूत घालणं, माफी मागणं यांचं तसं झालेलं नाही. म्हणजे गेममधली मुख्य क्रिया आधी ठरते आणि मग त्या क्रियेला शोभणारा माणूस शोधला जातो. जो माणूस दहा तासांत शेकडो जीव घेतो, तो हसतमुख असला तर विचित्र वाटतं. ‘अनचार्टेड’च्या नेथन ड्रेकवर हाच आक्षेप घेतला गेला: विनोद करत करत हा गडी किती माणसं मारतो! गेमची गोष्ट एक सांगते आणि हातातली बटणं दुसरंच करतात, या फटीला क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरनं २००७ साली ‘बायोशॉक’बद्दल लिहिताना ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असं जड नाव दिलं.

ही फट बुजवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे घुम्या. त्याच्या बायकोला पहिल्या दहा मिनिटांत मारा. आता तो जे करेल ते समजण्यासारखं ठरतं. तो बोलत नाही, म्हणजे संवाद कमी लिहावे लागतात. त्याला मित्र नाहीत, म्हणजे मित्रांची पात्रं उभी करावी लागत नाहीत. दुःख हा परवाना आहे, एकदा काढला की शेवटपर्यंत चालतो.

या परवान्याची फी कोण भरतं तेही बघा. १९९९ मध्ये गेल सिमोन या लेखिकेनं अमेरिकन कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादीच केली होती, ज्यांना केवळ हिरोला पेटवण्यासाठी मारलं किंवा मोडलं गेलं. तीच यादी गेम्सपुरती केली तरी लांबलचक होईल. मॅक्सच्या बायकोचं नाव मिशेल. तिला काय आवडायचं, ती कशावर चिडायची, हे किती जणांना सांगता येईल? तिचं मरण सगळ्यांना आठवतं.

२०१२-१३ च्या सुमारास या साच्याला एक नवीन पालवी फुटली: घुम्या बाप. ‘द वॉकिंग डेड’मधला ली, ‘बायोशॉक इन्फिनिट’चा बुकर, ‘द लास्ट ऑफ अस’चा जोएल, २०१५ चा ‘विचर’ गेराल्ट. सोबत एक मुलगी, सख्खी किंवा मानलेली. यातले काही गेम खरोखर मोठे आहेत. जोएल शेवटी जे करतो त्याबद्दल लोक अजून भांडतात, आणि २०२० च्या दुसऱ्या भागानं त्याचा हिशेबही मागितला. ली तर घुम्या म्हणावा असाही नाही, तो क्लेमेंटाइनशी बोलतो, तिला शिकवतो. म्हणजे चांगल्या हातात साचा वाकतो. पण बाजारात दहा गेम येतात तेव्हा एकाचाच हात चांगला असतो.

२०१८ आणि आमच्या नावाची पाटी

पौडच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपये मोजून आम्ही ‘व्हाइस सिटी’ खेळायचो. मिशन क्वचितच करायचो. चीट कोड टाकायचे, रणगाडा मागवायचा आणि गावभर फिरायचं. त्यातला टॉमी व्हर्सेटी गुंड होता, पण घुम्या नव्हता. फुलाफुलांचा शर्ट घालणारा, तोंडाळ, पैशासाठी सगळं करणारा माणूस. आपण वाईट आहोत हे त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल तो सहानुभूती मागत नव्हता. २००८ च्या ‘जीटीए फोर’मध्ये निको बेलिक आला. युद्धातून आलेला, मनानं मोडलेला. नशीब की त्याला रोमन नावाचा चुलतभाऊ होता, जो वेळीअवेळी फोन करून बोलिंग खेळायला चल म्हणायचा. पोरं रोमनची चेष्टा करतात, पण त्या अख्ख्या शहरात निकोला कुणीतरी आहे हे सांगणारा तोच एक आवाज होता.

मग २०१८ उजाडलं. एप्रिलमध्ये नवा ‘गॉड ऑफ वॉर’ आला, आता दाढीवाला बाप झालेला क्रेटॉस मुलाला घेऊन बायकोची राख डोंगरावर न्यायला निघालेला. ऑक्टोबरमध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ आला, त्यात क्षयानं खंगत जाणारा दरोडेखोर आर्थर मॉर्गन. डिसेंबरात ‘केजीएफ’चा पहिला भाग. आणि या सगळ्याच्या मधे, २३ नोव्हेंबर २०१८ ला, प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’.

पिक्चर न पाहिलेला मराठी वाचक विरळा, तरी थोडक्यात: सखाराम पाटलाची जमीन विकली जाते, पैसा उडतो, आणि पाटील पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करायला लागतो. त्याचा मुलगा राहुल्या अपमान गिळत गिळत गुन्हेगारीत शिरतो. ओम भूतकरनं राहुल्या आणि मोहन जोशींनी सखाराम असा केलाय की आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ते दोघे बसलेले आहेत असं वाटावं. सिनेमानं एक खरी गोष्ट मोठ्या पडद्यावर आणली. हिंजवडी आमच्याच तालुक्यात. आयटी पार्क, टाउनशिप, सेकंड होम यांच्या मागे सातबाऱ्यावरची नावं बदलत गेली, आणि जमीन विकून आलेल्या गाडीचा हप्तासुद्धा पुढच्या पिढीला झेपेना. हे सांगायला हवंच होतं. पुढे महेश मांजरेकरांनी २०२१ मध्ये ‘अंतिम’ नावानं त्याचा हिंदी अवतारही केला.

पण आठवणीत काय राहिलं? सखारामची पाठ राहिली नाही, राहुल्याची नजर राहिली. त्यातलं गाणं वरातीत वाजलं. ‘मुळशी पॅटर्न’ हे शब्द गँगवॉरच्या बातम्यांच्या मथळ्यात जाऊन बसले. कुठं बाहेरगावी गेलं आणि मुळशीचा म्हणून सांगितलं, की समोरचा अर्धं हसून म्हणतो, ‘मग जपून राहायला पाहिजे.’

गेल्या दिवाळीत माझ्या अकरावीतल्या चुलतभावाशी गप्पा चालल्या होत्या. त्याला गेम डिझाइन शिकायचंय. मोबाइलवर बीजीएमआय खेळून त्याचा अंगठा माझ्यापेक्षा दसपट चपळ झालाय. म्हणाला, “दादा, आपल्या मुळशीवर एक गेम पायजे.”

“हिरो कसा?”

“राहुल्यासारखा. जास्त बोलत नाय. बापाची जमीन गेलेली असती. मग तो एकेकाला उडवतो.”

“आणि जमीन?”

“जमीन कुठं परत मिळती दादा.”

तो हे अगदी सहज बोलला. त्याच्या गेममध्ये सूड घ्यायची मिशनं होती, जमीन परत मिळवायचं किंवा राखायचं एकही नव्हतं. गेममुळे पोरं गुंड होतात असं मी म्हणत नाही, माझा त्यावर विश्वास नाही. मला खटकलं ते वेगळं. सोळा वर्षांच्या मुलाला आपल्याच तालुक्याची गोष्ट रचायची होती, आणि त्याच्या हाताशी एकच हिरो होता. तोही फक्त मारू शकणारा.

पांडुरंग आणि कर्ण

आपल्याकडे दुसरे घुमे नव्हते असं नाही. मराठीनं हे पात्र गेम्सच्या कितीतरी आधी हाताळलंय.

१९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि कशातच मन न लागून परत जातो. आदर्श, कर्तबगार नायकांच्या कादंबऱ्यांनी कंटाळलेल्या तरुणांना तो आपला वाटला. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, आणि त्या मृत्यूनं तो मुळापासून हलतो. म्हणजे कच्चा माल सगळा तोच: तरुण, एकटेपणा, घरातल्या मुलीचा मृत्यू. पण पांडुरंग कुणाला मारत नाही. त्याला त्या दुःखाचा परवाना मिळत नाही. ते घेऊन त्याला जगावं लागतं, जेवावं लागतं, बापाशी एका घरात राहावं लागतं.

१९६७ मध्ये शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं. कर्ण म्हणजे डावलला गेलेला, चुकीच्या बाजूला उभा राहिलेला वीर. अँटीहिरोसाठी याहून चांगला उमेदवार कोण? पण सावंतांनी त्याची गोष्ट त्याच्या एकट्याच्या तोंडून सांगितली नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, शोण बोलतो, कृष्ण बोलतो. आणि वृषाली बोलते, कर्णाची बायको. तिला हिरोच्या दुःखासाठी पहिल्या प्रकरणात मारलेलं नाही. नवरा कसा होता हे ती सांगते. घुम्याकडे बाहेरून बघणारे डोळे असले की तो माणूस होतो. ते काढून घेतले की त्याचं पोस्टर होतं.

एसबी रोडवरचा माणूस

पुण्यातली पोरं ज्याला एसबी रोड म्हणतात, त्यातला ‘एसबी’ म्हणजे सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, पारनेर. शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला शिकायला गेले, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची विद्या मिळवली आणि ती घेऊन परतले. काही वर्षं भूमिगत राहिले, पकडले गेले, सुटले. मग पारनेरमध्ये हातात झाडू घेऊन रस्ते साफ केले. एखाद्या स्टुडिओला असा माणूस सापडला, तर बाँबचा भाग ठेवतील आणि झाडू कापतील.

‘सेनापती’ ही पदवी त्यांना मिळाली ती आमच्या तालुक्यात. मुळा आणि निळा यांच्या संगमावर टाटा कंपनी धरण बांधत होती. पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचं आणि तिथं वीज तयार करून मुंबईला न्यायची, अशी योजना. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली किंवा पाण्याच्या वाटेवर. कोळवण त्यात नव्हतं, आमचं खोरं वेगळं. पण सोयरीक तिकडची, बाजार एक, आणि भातही तेच.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. काम थांबवायचं, पण हात उगारायचा नाही. बापटांबरोबर विनायकराव भुस्कुटे होते. बायका होत्या, आणि पुढे तुरुंगात गेलेल्यांतही बायका होत्या. सुरुवातीला कंपनीला काही महिने काम थांबवावं लागलं. मग ते पुन्हा सुरू झालं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला आणि इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं.

ही गोष्ट गुळगुळीत नाही. बऱ्याच जमिनी आधीच पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणारा एक, कागदावर दुसरा. मोबदल्याची रक्कम पुढे आली तशी सावकारांची वाट वेगळी झाली, कारण त्यांना पैसे चालणार होते आणि मावळ्याला जमीन हवी होती. लढा थकत गेला. शेवटी १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह कंपनीची रेल्वे शस्त्रं घेऊन अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालं.

म्हणजे शस्त्र इथंही आलं. पण ते तीन वर्षांच्या बसण्यानंतर, सगळे उपाय थकल्यावर, आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवून. बापटांनी आपल्या दुःखाचं भांडवल केलं नाही. मुळात ते दुःख त्यांचं एकट्याचं नव्हतं, ते पारनेरचे होते. दुसऱ्यांची जमीन जाते म्हणून ते आले होते.

घुम्या हिरोच्या गोष्टीत हेच कधी घडत नाही. त्याचं दुःख नेहमी खाजगी असतं: माझी बायको, माझी मुलगी, माझा अपमान. शेजाऱ्याचीही जमीन गेलीय, त्याच्याशी बोलावं, चार जणांनी मिळून तलाठ्याकडे जावं, हे त्याला सुचत नाही. सुचलं तर गेम संपेल, कारण त्या क्रियांसाठी बटणच ठेवलेलं नाही.

बटणं बदलता येतात

पण बटण ठेवता येतं, हे गेल्या दहा वर्षांतल्या गेम्सनी दाखवलंय. २०१५ च्या ‘अंडरटेल’मध्ये टोबी फॉक्सनं प्रत्येक शत्रूला न मारता सोडून द्यायचा पर्याय ठेवला. एकालाही न मारता तो गेम पुरा करता येतो. २०१९ च्या ‘डिस्को एलिसियम’चा हिरो तर घुम्यांचा बादशहा आहे: दारूत स्मृती गमावलेला, घरदार उद्ध्वस्त झालेला पोलीस. पण त्या गेममध्ये मारामारी जवळजवळ नाहीच. सगळं बोलून करावं लागतं, आणि शेजारी किम कित्सुरागी नावाचा शांत सहकारी सगळं बघत असतो. दुःख आहे, परवाना नाही.

२०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ घ्या, जो आता मोबाइलवरही आहे. एकट्या एरिक बॅरोननं तो बनवला. त्यात आपण कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर येतो. गावात त्याच कंपनीचं दुकान आहे, आणि गावाचं जुनं सभागृह सावरायचं की कंपनीला देऊन टाकायचं हे आपण ठरवतो. कोळवणात बसून हा गेम खेळताना मला विचित्र वाटलं होतं. आजोबांची जमीन राखणं हे मिशन असू शकतं, हे मला सातासमुद्रापलीकडच्या एका माणसानं दाखवलं.

आणि पुण्यातच बघायचं तर ‘राजी’ आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओनं २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी २०२० मध्ये गेम पूर्ण करून बाजारात आणला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेम्समध्ये त्याला नामांकन मिळालं. राजी कसरती करणारी मुलगी आहे. राक्षसांनी तिचा भाऊ गोलू पळवलाय आणि ती त्याला शोधतेय. तीही लढते, भरपूर लढते. पण तिचं माणूस अजून जिवंत आहे. सगळा फरक तिथं पडतो. मेलेल्यासाठी फक्त सूड घेता येतो, जिवंत माणसाला वाचवता येतं. राजी लढताना खांबांवर, भिंतींवर कसरती करते, कारण तेच तिला येतं. तिचं कसब तिच्या पोटापाण्यातून आलेलं आहे, जखमेतून नाही.

घुम्या हिरो बंद करा, असं मला म्हणायचं नाही. आर्थर मॉर्गन मरायला टेकल्यावर ज्या शांतपणे आपल्या वहीत चित्रं काढतो, ते मी विसरणार नाही. राहुल्याचा रागही खोटा नाही. पण एकच रंग भिंतीवर पुन्हा पुन्हा मारला की शेवटी खोलीच दिसेनाशी होते. आमच्या तालुक्याच्या भिंतीवर सध्या तो एकच रंग आहे.

म्हणून चुलतभावाला मी एक कागद करून दिला. गेमचं नाव अजून ठरलेलं नाही. काळ १९२१ ते १९२४. खेळाडू एक माणूस नाही, एक गाव आहे: तीस घरं. प्रत्येक घराचा सातबारा वेगळा, कुणाचा स्वतःचा, कुणाचा सावकाराकडे गहाण. आषाढात भातलावणी आली की माणसं शेतात लागतात, धरणाच्या जागी बसायला कमी पडतात. जास्त माणसं तुरुंगात गेली तर कापणीला हात उरत नाहीत. मोबदला लवकर घेतला तर शेजारच्या घराचा धीर सुटतो. उशीर केला तर हाती काहीच न येण्याची भीती. पुण्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली तर बळ वाढतं, आठवड्याभरात ती शिळी होते.

त्यानं कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, “अटॅकचं बटण कुठंय?”

मी म्हटलं, तिथं ‘बस’ लिहिलंय बघ. ते दाबलं की तुझी माणसं खोदकामाच्या जागी जाऊन बसतात. कितीही मारलं तरी उठत नाहीत, तू उठवेपर्यंत.

“आणि शेवटी?”

“शेवटी धरण होतंच.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की असं असेल तर प्रत्येक खेळात किती घरं शेवटपर्यंत एकत्र राहिली याचा स्कोर ठेवायला पाहिजे, आणि बायकांना वेगळी ताकद दिली पाहिजे, कारण पोलीस त्यांना उचलायला बिचकत असणार. वहीच्या मागच्या पानावर त्यानं तीस चौकोन काढले आणि घरांना नावं द्यायला सुरुवात केली.